लॉरेलची रायफल आणि माझं कुलूप

विमानातून परदेशात रायफल न्यायची म्हटली की भल्याभल्यांना घाम फुटतो. मला नाही! ऑस्ट्रेलियातल्या गुलगाँग गावात गेली एकतीस वर्षं माझं हार्डवेअरचं दुकान आहे. या क्लॅरी पेंगेलीच्या दुकानातलं कुलूप किल्लीशिवाय उघडलं, असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

आता रायफल माझी नव्हे हं! मला पाच पावलांवरचं पिंपसुद्धा टिपता येत नाही. रायफल माझ्या बायकोची, लॉरेलची. आमच्या भागातली नेमबाजीची ढाल तिने तीनदा आणलीय. रायफलचा दस्ता तिने स्वतः अक्रोडाच्या लाकडातून कोरलाय. त्यापायी दोन हिवाळे मी लाकडाचा भुसा घातलेलं सूप प्यायलो, पण दस्ता असा झालाय, की हात लावणारा माणूस परत द्यायलाच तयार होत नाही.

लॉरेलची एकच इच्छा होती. न्यूझीलंडच्या बर्फातल्या कड्यांवर ताहर नावाचा रानबोकड असतो. मानेवर सिंहासारखी आयाळ, चालणं भिंतीवरच्या पालीसारखं. तो एकदा टिपायचा. एका वर्षी तिचा गुडघा आडवा आला, एका वर्षी माझा हर्निया, मग दुष्काळ. असं करता करता सहा वर्षं गेली. यंदा बासष्ट पूर्ण झाल्यावर तिने जाहीर केलं, "आता मी जाणार. तू आलास तर तुझ्यासह, नाहीतर तुझ्याशिवाय!"

"नेमबाजी तुझी," मी छाती ठोकून म्हणालो, "कागदपत्रं आणि कुलपं माझी!"

आणि केलंच मी सगळं! परवाने, पावत्या, रायफलचा नंबर, सगळं एका फायलीत, रंगीत चिठ्ठ्या लावून. रायफलच्या पेटीला आणि काडतुसांच्या डब्याला माझ्या दुकानातलं सर्वांत दणकट कुलूप. सिडनीच्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "इतकी नीट बांधलेली रायफल आम्हाला क्वचित दिसते."

मी फुगलो! त्या भरातच दोन्ही कुलपं खट्‌खट्‌ दाबून बंद केली.

"किल्ल्या?" लॉरेलने विचारलं.

"एकदम सुरक्षित जागी!"

सकाळी साडेनऊला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला उतरलो. आमचा वाटाड्या ह्यूई बाहेर गाडी घेऊन उभा. डोंगरापर्यंत चार तासांचा रस्ता, तिथून हेलिकॉप्टर. दुसऱ्या दिवसापासून हवा बिघडणार होती, म्हणून बाराच्या आत निघायलाच हवं होतं. मी म्हटलं, बारा? साडेदहाला बाहेर पडतो की नाही बघ!

कस्टमच्या टेबलामागे मेरेआना नावाची हसरी मुलगी होती, तिथल्या मूळच्या माओरी लोकांतली. शेजारी पोलीसखात्याचा ड्रमंड. उंच, गंभीर, आणि मिशी अशी की तीही ड्युटीवर आहे असं वाटावं.

"काका, फाइल झकास आहे हो तुमची!" मेरेआना म्हणाली. "आता तेवढी पेटी उघडा."

मी उजव्या खिशात हात घातला. मग डाव्या. मग शर्टाच्या, कोटाच्या. मग शर्टात मुंग्या शिरल्यासारखा स्वतःभोवती फिरून मी सगळं अंग चाचपलं. आणि मग सिडनीचा तो काउंटर लख्ख आठवला! बाई कौतुक करत होत्या, दोन्ही झाकणं उघडी होती. हात मोकळे हवेत म्हणून मी पेटीची किल्ली काडतुसांच्या डब्यात ठेवली, आणि डब्याची किल्ली रायफलच्या पेटीत.

जागा सुरक्षित होती. त्याबद्दल वादच नाही!

"जास्तीच्या किल्ल्या?" ड्रमंडने विचारलं.

"आहेत ना! गुलगाँगला. फ्रिजवर, चहाच्या डब्यात."

"मिस्टर पेंगेली, ही रायफल तुमचीच ना?"

"छे! हिची."

"मग परवाना?"

"हिचाच."

"आणि किल्ल्या कोण सांभाळतं?"

"मी!" मी अभिमानाने म्हणालो.

मिशी हलली. "म्हणजे ज्याच्याकडे परवाना नाही, त्याच्या ताब्यात किल्ल्या?"

"नाही हो साहेब, माझ्या ताब्यात कुठे आहेत? तोच तर घोटाळा आहे!"

ड्रमंडने वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होता.

मी वळून बघितलं. लॉरेल बाकावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चौतीस वर्षांत तिच्या ओरडण्याची मला सवय झालीय. पण ती हळूच म्हणाली, "सहा वर्षं, क्लॅरी," आणि काचेबाहेर बघू लागली.

"हे कुलूप तोडता येईल का?" मी विचारलं. एकतीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच गेलं.

मेरेआनाने दुरुस्ती विभागातल्या सिओनेला बोलावलं. सिओने टोंगा बेटांवरचा, दंड माझ्या मांडीएवढे. खांद्यावर तीन फुटी कटर. "बाजूला व्हा काका, हे चुटकीसरशी होईल!"

त्याने कटर लावला, दम धरला, दाबला. कड्‌! एक तुकडा उडाला. कटरच्या पात्याचा!

"बघितलंत?" मी टाळी वाजवली. "कडक पोलाद! ओरखडासुद्धा नाही!"

"क्लॅरी," लॉरेल म्हणाली.

मी टाळी आवरली.

उरला पोलाद कापायचा ग्राइंडर. पण ग्राइंडरच्या ठिणग्या आणि शेजारी काडतुसं? ड्रमंडने डबा उचलला आणि दोन दारं पलीकडच्या खोलीत नेऊन त्यावर पहाऱ्याला माणूस बसवला. मग आग विझवायचं नळकांडं आलं, जाड घोंगडी आली, कसलीशी लेखी परवानगी आली. अकरा वाजून दहा मिनिटं! ह्यूईचा फोन, "मंडळी, येताय ना? बाराच्या पुढे एक मिनिट थांबणार नाही हं!"

ग्राइंडर सुरू झाला. दिवाळीतल्या भुईनळ्यासारख्या ठिणग्या! आसपासचे कर्मचारी कामं टाकून बघायला आले. एक चकती झिजली. दुसरी लावली. सिओने घामाने निथळला. "काका, हे बनवलंय कुणी? भूत पाठीला लागलं होतं का त्याच्या?"

खोटं कशाला बोलू? एका डोळ्याने मी लॉरेलकडे बघत होतो, जीव कासावीस होत होता. आणि दुसऱ्या डोळ्याने घड्याळ. तेवीस मिनिटं टिकलं हो माझं कुलूप! शेवटी कुलूप पडलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

पेटीत डब्याची किल्ली होती. त्या किल्लीने डबा उघडला. डब्यात पेटीची किल्ली, लग्न लागल्यावर मांडवात पोचलेल्या मामासारखी कोपऱ्यात उभी!

रायफलचा नंबर जुळायला दोन मिनिटं लागली. पण ड्रमंडचा हात काही दस्त्यावरून निघेना.

"कुणाकडून करून घेतलात?"

"मीच केला," लॉरेल म्हणाली.

त्याने मिशीआडून पहिल्यांदा तोंडभर हसून तिला सलाम ठोकला. माझी मान अशी ताठ झाली, जणू दस्ता मीच कोरला होता! आता पेटीला कुलूप नाही म्हणून सिओनेने स्वतःच्या कपाटाचं काढून दिलं. किल्ली मात्र माझ्या पुढे आलेल्या हाताला वळसा घालून गेली. "मावशी, ही तुमच्याकडे!"

बाराला चार मिनिटं कमी असताना आम्ही गाडीत बसलो.

तिसऱ्या दिवशी हवा अर्धा तास उघडली. मी खाली एका खडकाला मिठी मारून धापा टाकत होतो. वर लॉरेल बर्फात पोटावर आडवी, दुखऱ्या गुडघ्यासकट. समोरच्या कड्यावर आयाळवाला बोकड, दोनशे ऐंशी मीटरवर. एकच गोळी! ह्यूई, ज्याने आयुष्यात हजारभर शिकारी बघितले असतील, तो टोपी काढून उभा राहिला. लॉरेल रडत होती. मी पण. मी वारा लागला म्हणून सांगितलं.

परतताना सिडनीला सगळं लॉरेलने हातात घेतलं. परवाना, रायफल, काडतुसं, गळ्यात किल्ल्या. चार मिनिटांत ती पार! मी मागोमाग छाती काढून निघालो, तर एक तपासणीचा कुत्रा आला आणि माझ्या पायाशी शहाण्यासारखा बसला. हलेचना! कोटाच्या आतल्या खिशातून निघालं ह्यूईने वाटेत खायला दिलेलं सफरचंद. अर्धं खाल्लेलं. बाहेरून फळ आणायला आमच्याकडे सक्त बंदी, आणि फॉर्मवर 'फळे: नाहीत' असं मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

अधिकाऱ्याने मला बाजूला घेतलं आणि काचेपलीकडे रायफलच्या पेटीवर बसलेल्या लॉरेलला हाक मारली. "बाई, हे गृहस्थ तुमच्याबरोबर आहेत का?"

लॉरेलने माझ्याकडे बघितलं. जरा विचारच केला तिने.

"आहेत तसे," ती म्हणाली. "पण तुमचं निवांत चालू द्या!"