धुरपा चिचुंद्रीचं स्वतंत्र जंगल

बाळांनो, शेपट्या आवरून बसा. एका जंगलात एक मंडळ होतं. दूर डोंगरांपलीकडे सगळ्या जंगलांची मिळून एक शांती परिषद होती. तिला इथून पाठिंबा द्यायचा, हेच मंडळाचं काम. अध्यक्ष साळिंदर. शांततेसाठी गळाभेट घ्या म्हणायचा आणि सगळे चार हात लांब पळायचे. चिटणीस टिटवी. मौन पाळायचं असलं तरी आधी तासभर बोलायची.

एकदा कुठल्यातरी दोन परक्या जंगलांतल्या लांडग्यांची लढाई थांबावी म्हणून मौन चाललं होतं. शेजारीच रानडुकरांचे दोन कळप चिखलात लोळण्यावरून भिडले होते. चिखलाच्या काठाला धुरपा चिचुंद्रीचं बीळ. आत पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली. वरून माती ढासळायला लागली तशी ती मंडळात धावली.

"भाऊ, चला! डुकरं बीळ तुडवतायत. पोरं गाडली जातील माझी!"

साळिंदराने विचारलं, "भांडण कुणाकुणात?"

"आपल्याच डुकरांत."

"मग घरगुती आहे, बाई. आम्ही फक्त दोन जंगलांमधलं बघतो."

टिटवी म्हणाली, "त्यांच्या गोंगाटाने मौन मोडतंय. मंडळाने जागा बदलावी, असा ठराव मांडते."

ठराव एकमताने पास. निघाली की मंडळी!

धुरपा रडत बसली नाही. रडायला तुमच्यासारखा रिकामा वेळ होता का तिला? त्या काळी जंगलाची हद्द वासाने आखायचे. वाघ आखायचा, बिबट्या आखायचा. वासाची काय कमी होती धुरपाला! बिळाभोवती पळत पळत तिने गोल हद्द आखली आणि ओरडली, "आजपासून हे माझं जंगल! तुमच्या जंगलातली डुकरं माझ्या जंगलात घुसलीत!"

मंडळ जागीच थबकलं.

"दोन जंगलांमधलं भांडण!" साळिंदराला हुंदका आला. "आणि तेही आपल्या दारात! चला रे!"

काटे फुलवून तो डुकरांमध्ये उभा राहिला. एका डुकराच्या नाकात काटा रुतला. बाकीची वळूनही न बघता पळाली.

"एवढंच होतं होय?" धुरपा म्हणाली.

"काम दिल्याबद्दल धन्यवाद, महाराणी," साळिंदर वाकून म्हणाला. मघाशी बाई म्हणत होता मेला.

पिल्लांनी डोळे उघडले ते परदेशात. धुरपाचं बघून मुंगसाने स्वतःचं जंगल काढलं, घोरपडीने काढलं, सरड्याने तर एका फांदीचं काढलं. हद्दीला हद्द घासते, रोज नवी भांडणं. मंडळाला आता जेवायला फुरसत नाही. शांततेचं काम असं कधी वाढलं नव्हतं म्हणतात.

तात्पर्य : शेजाऱ्याने मदतीला धावून यावं असं वाटत असेल, तर आधी त्याच्यापासून वेगळे व्हा.