टायरचे डोंगर आणि लू गुरुजींचा शिक्का

"आज बाबांच्या तोंडून 'वा' काढली नाही, तर नावाचा शाओफंग नाही!"

शाओफंगनं सकाळीच बायकोला ठणकावलं. युनलान बांबूचे कोंब सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "लग्नाला बारा वर्षं झाली. अजून साधं 'बरंय' म्हणाले नाहीत ते."

खरंच होतं. तिचे वडील लू गुरुजी चाळीस वर्षं शाळेत सुलेखन शिकवून निवृत्त झालेले. जावई चित्रं काढतो, हे त्यांनी अख्ख्या हांगचौ शहरात कुणाला कळू दिलं नव्हतं. त्यात जावयानं हल्ली कुंचला सोडून स्कूटरचा टायर हाती धरलेला! टायर शाईत बुडवायचा नि वीस फुटी कागदावर फिरवायचा. लांबून बघावं तर थेट जुन्या चिनी चित्रांतले डोंगर, कडे, सुळके. जवळ जावं तर नुसती टायरची नक्षी! मधोमध धुक्यासाठी चार हात जागा कोरी. डोंगर चार दिवसांत उरकले. ती कोरी जागा कुठं सोडायची हे ठरवायला मात्र दोन महिने लागले होते.

बेत सोपा होता. गुरुजींना बारा पावलं लांब बसवायचं, यंदाच्या हंगामातला नवा चहा पाजायचा, 'वा' पदरात पाडून घ्यायची आणि मगच टायर दाखवायचा. एकदा निघालेला शब्द परत घेणारे नव्हेत ते!

गुरुजी आले, सोबत ताओकाका आणि आणखी दोन दोस्त. चौघंही रोज सकाळी तळ्याकाठच्या फरशीवर कुंचल्यानं, नुसत्या पाण्यानं कविता लिहिणारे. बसले. बघू लागले. गुरुजींनी चहाचा पेला खाली ठेवला.

"हे तू काढलंस?"

"हो, बाबा."

"कडे कसे पावसानं झिजल्यासारखे उतरलेत!" गुरुजींचा आवाज चक्क मऊ झाला. "वा!"

शाओफंगला भरून आलं. बारा वर्षांची तपश्चर्या फळली! डोळे पुसायला म्हणून तो गरम पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाला. टायरचं सांगायचं राहूनच गेलं.

परत येतो तर खुर्च्या रिकाम्या! चौघं चित्राला भिडलेले. धुक्याच्या जागी गुरुजींची कविता, खाली त्यांच्या नावाचा लालभडक शिक्का. शेजारी आणखी दोन कविता, दोन शिक्के. धुकं पार वितळलं होतं!

"बाबा! हे काय?"

"काय म्हणजे? चित्र आवडलं की दोन ओळी लिहून शिक्का मारायचा, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. एवढी जागा सोडलीस ती आमच्यासाठीच ना?"

"पाण्यानं लिहिलंय ना?" शाओफंगनं कळवळून विचारलं.

"जावयाच्या चित्रावर पाणी? तुझ्याच टेबलावरची शाई घेतली. चांगली दाट आहे!"

तेवढ्यात आपल्या शिक्क्यासाठी कोपरा हुडकणारे ताओकाका ओरडले, "अरे लू, ही तर माझ्या स्कूटरच्या टायरची नक्षी!"

लिहायला बसले की गुरुजींना शेजारचा डोंगर कोसळला तरी कळत नसे. आता त्यांनी कड्याला नाक लावलं.

"टायर?"

"टायर, बाबा."

गुरुजी शिक्क्यापेक्षा लाल झाले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! चित्राला नावं ठेवावीत, तर खाली स्वतःचंच नाव. दोस्त टक लावून बघतायत. गुरुजींनी घसा खाकरला.

"मला बसल्या बसल्याच कळलं होतं! टायर असो की झाडू, मनगट लपत नाही. हा माझा जावई. चित्रकार आहे!"

शाओफंगनं कोऱ्या जागेचं दुःख तिथंच गिळलं. चित्र तसंच, शिक्क्यांसकट, प्रदर्शनाला गेलं. तो खूश होता, अगदी मनापासून.

पुढच्या रविवारी सकाळीच दार वाजलं. दारात लू गुरुजी, खांद्यावर सायकलचं चाक!

"शाई काढ. कागद नीट ताणून धर. तुला जमतं, तर मला का जमू नये?"

दुपारपर्यंत गुरुजींचे डोंगर उभे राहिले. मधोमध ऐसपैस कोरी जागा. शाओफंगला राहवेना. त्यानं हळूच स्वतःचा शिक्का खिशातून काढला.

"बाबा, मीही दोन ओळी लिहू?"

गुरुजींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"आधी अक्षर सुधार!"