दिशा बांधलेला नकाशा

छपाईच्या यंत्रातून आबाजींच्या घराचा नकाशा खरखर करत बाहेर आला आणि बुद्धघोषनं तो उजेडात धरला. नकाशा झकास होता. ओसरी, माजघर, जिना, कोरीव दार, सगळं जिथल्या तिथं. पण कागदाच्या चारी कडांना, कुणी बोलावलं नसताना, इंग्रजीत एकेक ओळ उमटली होती: 'विद्यार्थ्यांच्या प्रतीवर तयार केलेले. धंद्याच्या कामासाठी नाही.'

आता ही काय भानगड? बारामतीत पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत दुकान थाटून बुद्धघोषला महिनाही झाला नव्हता. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर त्यानं रीतसर विकत घेतलं होतं. एकोणीसशे नव्व्याण्णव साली, चोरीची सीडी चहाच्या भावात मिळत असताना, हा शहाणा पावती घेऊन आला म्हणून मित्र पोट धरधरून हसले होते. त्यानं तेजश्रीकडं पाहिलं. ही त्याची धाकटी बहीण, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला.

"दादा, माझ्या कॉलेजच्या फाइलीतलं काही घेतलंस का?"

"एक दार घेतलं गं. कोरीव होतं म्हणून."

"झालं तर! विद्यार्थ्यांच्या स्वस्त प्रतीवर केलेलं काहीही आणलं की आख्खी फाइल विद्यार्थ्याची होते, अन् ही ओळ उमटते."

"एवढ्याशा दारानं?"

"हंडाभर दुधाला विरजण कितीसं लागतं?"

हे सगळं कुजबुजत चाललेलं, कारण निमगाव केतकीचे आबाजी आणि भागुबाई वहाणा बाहेर काढून समोरच्या बाकावर बसले होते. मेंढरांमागं माळोमाळ पालं ठोकण्यात दोघांचं निम्मं आयुष्य गेलेलं. पक्कं घर हे पहिलंच. आबाजी उठले, नकाशाच्या चारी कडांवरून त्यांनी नजर फिरवली आणि त्यांचा आ वासला तो मिटेचना.

"अगं बघ, बघ! पोरानं मंत्रानं चारी दिशा बांधल्या की! आता बाधा आत यायची न्हाय!"

भागुबाईंनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

"आबा, तसं न्हाय. तितं लिवलंय ते..." बुद्धघोष सांगू लागला.

"गप! मंत्र कुणी बोलून दावतं व्हय? गुण जातो त्याचा!"

बुद्धघोषच्या घरात कर्मकांड नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या, आणि त्याच्याच हातून आबाजींच्या दिशा बांधल्या गेल्या! तेजश्री तोंडात ओढणी कोंबून आत पळाली. बुद्धघोषनं आणखी दोनदा तोंड उघडलं, दोन्हीदा आबाजींनी ते बंद केलं. नकाशा उपरण्यात गुंडाळून ते निघालेसुद्धा. दारातनं मागं वळून म्हणाले, "उद्या भूमिपूजनाला ये. इंदापूरचे मोहनराव येनार हायेत, रिटायर इंजिनेर. इंग्रजी फाडफाड वाचत्यात."

ऐकून बुद्धघोषनं खिशातली पावती चाचपली. मोहनरावांना विचारल्याशिवाय तिकडं कुणी कुंपणसुद्धा घालत नसे. त्यांनी ती ओळ वाचली की संपलं. पावती खिशात असून हा चोर ठरणार आणि दुकानाला कुलूप लागणार.

त्यानं ओळ पुसून पाहिली, पुसली जाईना; मग कोऱ्या फाइलीत आख्खं घर पुन्हा काढलं, दार साधंच बसवलं. कडा अगदी स्वच्छ आल्या. सकाळची पहिली एसटी धरून तो निमगावात हजर झाला.

भागुबाईंनी नवा कागद उलटापालटा करून पाहिला. "ह्येच्या दिशा कुठं गेल्या?"

"मावशी, ह्योच खरा. चोख."

"जलम उघड्यावर काढला रं बाबा. आता घर तरी उघडं नगं." असं म्हणून त्यांनी तो चोख कागद शिऱ्याच्या परातीखाली घातला.

जुना नकाशा पाटावर, हळदीकुंकू वाहून. मोहनराव आले, चष्मा लावून वाकले. ओळी चारी बाजूंना चार तोंडांच्या, त्यामुळं वाचायला त्यांना पाटाभोवती फिरावं लागलं. साहेब प्रदक्षिणा घालतायत म्हटल्यावर आबाजी मागं लागले. आबाजींमागं भावकी, भावकीमागं सगळं गाव. फेरी पुरी झाली तेव्हा मोहनरावांच्या कपाळावर आठी होती.

"कुणी केलाय हा नकाशा?"

बुद्धघोष पुढं आला. आता लपवण्यात राम नव्हता. "मी, साहेब. हा मंत्रबिंत्र काही न्हाय. विद्यार्थ्यांच्या प्रतीवर केलंय, धंद्यासाठी नाही, असं लिवलंय. पण ते मी लिवलं न्हाय. एक दार आणलं, त्याच्याबरोबर आपोआप उमटलं. पुसाया गेलो तर पुसलं जात न्हाय."

आबाजी पुढं सरकले.

"तू लिवलं न्हाईस?"

"न्हाय आबा."

"आपोआप उमटलं?"

"व्हय."

"आन पुसाया गेलं तर पुसंना?"

"न्हाय पुसत."

आबाजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "सोयंभू हाय रं!" म्हणत त्यांनी पाटापुढं लोटांगण घातलं. पाठोपाठ सगळा जमाव वाकला. कुणीतरी नारळ फोडला. "आमच्या घराचाबी नकाशा तूच काढायचा!" असं तीन-चार जण वाकल्या वाकल्याच ओरडले. बुद्धघोषला हसावं की रडावं तेच कळेना.

ताठ उभे होते ते एकटे मोहनराव. कायदा सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात भागुबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "सायेब, पायताण."

मोहनरावांनी ती ओळ पुन्हा एकदा नीट वाचली. भोवतीच्या वाकलेल्या पाठी पाहिल्या. मग मुकाट्यानं खाली बसून ते बुटाच्या नाड्या सोडू लागले.