त्र्यंबकरावांचा ड्याम

ठाण्याच्या कचेरीत ‘ड्याम’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारायचा तो त्र्यंबकरावांना. आणि तो विचारला की ते आधी उलट विचारत, “कोण म्हणालं? कोणाकडे बघून?”

ते इंग्रजी कागदांच्या नकला करणारे कारकून होते. माझी बैठक त्यांच्या शेजारी. साहेबांच्या खोलीच्या दाराला वाळ्याचा पडदा होता आणि त्या पडद्याला सर्वांत जवळचे त्र्यंबकराव. साहेब दिवसभर हा शब्द वापरत. उकाड्याला, डासांना, उशिरा आलेल्या चहाला, क्वचित एखाद्या उमद्या घोड्यालासुद्धा. कागद घेऊन आत जाण्याआधी आम्ही इंग्रजी शिकलेली माणसं त्र्यंबकरावांच्या तोंडाकडे पाहत असू.

“आजचा उन्हावर आहे. जा,” ते सांगत. नाहीतर, “आज माणसावर आहे. रजेचा अर्ज खिशातच असू दे.”

त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. एका शिवीवर आमचे दिवस ठरत आणि त्याची लाज कोणाला वाटत नसे.

एकदा शाळेतल्या परांजपे मास्तरांनी बाजारात वांग्यांना ड्याम म्हटलं. त्र्यंबकरावांनी त्यांना तिथेच अडवलं. वांगी किडकी निघाली तर म्हणा, महाग आहेत म्हणून म्हणू नका. साहेब महागाईला ड्याम म्हणत नाहीत, त्यांना ती लागत नाही. या असल्या दुरुस्त्यांमुळे पोरं त्यांना ड्यामपंत म्हणत. त्यांनी स्वतः मात्र तो शब्द कोणावर टाकलेला मी ऐकला नाही.

त्यांचे वडील अप्पा खडवलीला भिक्षुकी करत. मुलाला इंग्रजी शाळेत घातलं, तो आता बाटणार, म्हणून गावाने अप्पांचं पान पंक्तीपासून बाजूला मांडायला सुरुवात केली होती. काही घरांनी त्यांना पूजेला बोलावणंही सोडलं होतं.

नाताळात साहेबांना फळांची डाली देण्याची कचेरीत रीत होती. त्या वर्षी अप्पा स्वतः केळी आणि पेरू घेऊन आले. डाली पायरीवर ठेवून, जोडे हातात धरून उभे राहिले. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांची कुत्री आजारी होती आणि आम्ही सगळे भिंतीला चिकटून होतो.

“विचार त्यांना,” अप्पा म्हणाले, “माझा मुलगा कसा आहे?”

अप्पांनी कोपराने ढोसलं तेव्हा त्र्यंबकरावांनी तो प्रश्न स्वतःविषयी, स्वतःच्या तोंडाने इंग्रजीत विचारला.

साहेबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, ‘ड्याम’ एवढंच म्हटलं आणि आत गेले. कोणाकडे बघून, हे या वेळी कोणाला विचारावं लागलं नाही.

“काय म्हणाले रे?”

“गुणी आहे म्हणाले.”

“त्यांचाच शब्द सांग. गावात सांगायचाय.”

त्र्यंबकरावांनी सांगितला. अप्पा तो पुटपुटत स्टेशनकडे गेले. आमच्यातलं कोणी हसलं नाही. हसू दुसऱ्या दिवशी आलं आणि मग बरेच दिवस पुरलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्र्यंबकरावांच्या मुलाची मुंज खडवलीला झाली. मी आणि मास्तर गेलो होतो. अप्पांचं पान आता पंक्तीत होतं. साहेबाने नावाजलेल्या मुलाच्या बापाला दूर बसवण्याची गावाची छाती नव्हती. बटू पाया पडला. अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आयुष्मान हो. ड्याम हो.” मागून येणाऱ्या प्रत्येकाला तेच. गावातली म्हातारी माणसं त्यासाठी वाकत होती.

मास्तरांनी तोंडावर उपरणं धरलं आणि त्र्यंबकरावांकडे पाहिलं. वांग्यांची परतफेड करण्याची त्यांना घाई होती. “सांगा ना यांना,” ते म्हणाले.

त्र्यंबकराव रांगेत उभे राहिले आणि पाळी आल्यावर वाकले.

अप्पा हसले. “तुझं झालंय की रे. तुला तर खुद्द साहेबानं दिलाय.”

“तरी तुम्ही द्या, अप्पा,” त्र्यंबकराव म्हणाले. अप्पांनी दिला.