पाच किलो कुणाचे?

आबांनी कोकराच्या पोटाखाली हात घालून त्याला उचललं, डोळे मिटले, खालचा ओठ जरा पुढे काढला आणि निकाल दिला. "चोवीस."

"एकोणीस," कुंपणाला टेकलेला व्यापारी म्हणाला. "मागच्या खेपेलाही हेच. तू चोवीस म्हणतोस आणि माझ्याकडे एकोणीस भरतं."

"मग तुझा काटा बघून घे."

"तू तुझे हात बघून घे की!"

झालं. इतक्या वर्षांची दोस्ती, पण चहा अर्धा टाकून व्यापारी गाडीत जाऊन बसला. आबा मागून ओरडले, "परवा ये! काट्यावरच होऊ दे एकदा! आणि काटा माझा असेल, तुझा नाही!"

गंमत अशी, की आबांकडे काटाच नव्हता. कधी लागलाच नव्हता. आबा उचलणार, आकडा सांगणार आणि व्यापाऱ्याकडे तोच आकडा भरणार, असं वर्षानुवर्षं चालत आलेलं. आबांचं घरात जे वजन होतं, ते या वजनांवरच उभं होतं.

आबांचा मुलगा तिथेच एका मेंढीचे खूर साफ करत बसला होता. त्याला घरात वकील म्हणायचे. वकिली शिकला होता म्हणून नाही, तर लहानपणापासून दोन्ही बाजूंनी बोलायची खोड म्हणून. आता मात्र त्याला एकच बाजू पटत होती, आणि ती बापाची नव्हती. मागच्या आठवड्यात एक कोकरू जंताचं औषध पाजल्यावर दिवसभर मान टाकून पडलं होतं. औषध वजनाप्रमाणे पाजायचं असतं, आणि वजन आबांनी सांगितलं होतं. डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, "औषध जास्त झालंय. यापुढे तोलून पाजा. दरवेळी उठेलच असं नाही."

"तोलूनच पाजलंय," म्हणून आबांनी त्यांना आपले दोन्ही हात दाखवले होते.

"दुकानातून काटा आणेपर्यंत घरचा वापरू," वकील म्हणाला. न्हाणीघरात एक गोल तबकडीचा वजनकाटा होता. त्याच्यावर एरवी कपड्यांची बादली असायची. युक्ती सोपी होती. माणसाने कोकरू घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून माणूस वजा करायचा.

"मी चढणार नाही," आबा म्हणाले. ते तत्त्वाचे. आईचे गुडघे दुखत होते. वकिलाला वाकून सुई वाचायची होती. शिवाय ते कोकरू बिनआईचं, बाटलीवर वाढलेलं, त्यामुळे बाटली देणारीच्याच हातात गप्प राहायचं. ती म्हणजे वकिलाची बायको.

"आधी एकटी उभी राहा," वकील म्हणाला.

"कशाला? माहितीये मला माझं. सत्तावन्न."

"तरी पण एकदा..."

"अहो, सत्तावन्न! लग्नात होतं तेच आहे."

"तेच?" आई म्हणाली, आणि छताकडे बघत राहिली.

बायको कोकरू घेऊन चढली. सुई एक्क्याऐंशीवर थांबली. एक्क्याऐंशीतून सत्तावन्न गेले. वकील बोटांवर मोजेपर्यंत आबांनी मांडीवर थाप मारली.

"चोवीस! बरोब्बर चोवीस! काय रे वकिला? कुठे गेला तो हात बघायला सांगणारा? लाव त्याला फोन!"

फोन त्यांनीच लावला. त्यात ते मित्राला जे बोलले ते ऐकून आईने कोकराचे कान झाकले.

वकिलाच्या मनातून मात्र ते पडलेलं कोकरू जात नव्हतं. दुपारी सगळे लवंडल्यावर त्याने ते बाटलीवरचं कोकरू शर्टात गुंडाळून न्हाणीघरात नेलं आणि आतून कडी घातली. आधी एकटा चढला. आकडा वाचला, आणि ताबडतोब विसरायचा प्रयत्न केला. मग कोकरू घेऊन चढला. फरक एकोणीस. पुन्हा केलं. एकोणीस. तिसऱ्यांदा कोकराने त्याच्या अंगावर धार सोडली, तरी एकोणीसच्या आसपासच.

तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि विचार करायला लागला. आबांच्या हातात पाच किलो जास्त येत होते. बायकोच्या तोंडून पाच किलो कमी येत होते. म्हणजे हे पाच आणि ते पाच एकच! एकाची अब्रू वाचवायची तर दुसऱ्याची वेशीवर टांगावी लागणार, आणि दोन्ही अशिलांबरोबर त्याला जन्मभर एकाच ताटाळ्यातली ताटं घेऊन जेवायचं होतं.

बायको बाटलीची बुचं धूत होती. तो जवळ जाऊन उभा राहिला.

"अगं, तुझं ते सत्तावन्न..."

तिने हातातला ब्रश थांबवला. "काय त्याचं?"

"छान आहे."

"बरं. आणि तुमच्या शर्टाला वास कसला येतोय?"

यावर वकिलाने एक शहाणपणाची वाट काढली, निदान त्याला ती तशी वाटली. खरा काटा आणायचा. जे सांगायचं ते यंत्रच सांगेल. यंत्रावर कोण रुसणार?

त्याच संध्याकाळी शेतीच्या सामानाच्या दुकानात आबा आले, पण पाहुण्यासारखे हात मागे बांधून. काटेवाल्याने आधी टांगता काटा दाखवला. खाली झोळी आणि वर सुई.

"माझं कोकरू म्हणजे काय दोरीवर वाळत घालायचा टॉवेल आहे?" आबा म्हणाले.

"कोकरांना हा चालतो, काका. मोठ्या मेंढीला मात्र नको. तुम्ही तिला टांगायला जाल आणि ती तुम्हाला टांगेल. दोघांसाठी हवा तर हा घ्या, पिंजऱ्याचा. इकडून आत, तिकडून बाहेर."

"मेंढी जाईल का त्यात? पुढे दुसरी मेंढी दिसल्याशिवाय ती पाऊल टाकत नाही."

"म्हणून तर पुढच्या दाराला जाळी आहे."

आबांनी जाळीत बोट घालून बघितलं. मग वाकून तळ चाचपला. तळाला रबर होतं, खूर घसरतात म्हणायचीही सोय नव्हती. त्यांचा चेहरा थोडा पडला.

"आणि मेंढी आत नाचली तर?"

"नाचू द्या. काटा सरासरी धरतो."

"मेंढीची सरासरी!" आबा वकिलाकडे वळले. "ऐकलंस? उद्या माणसाचीही धरतील. असली दहा यंत्रं आणलीस तरी या हातांच्या पासंगाला पुरायची नाहीत."

पण काटेवाला चिवट होता. परवा काटा घेऊन येतो, चालवून बघा, मग ठरवा, म्हणाला. परवा म्हटल्यावर आबांचे डोळे चमकले. व्यापारीही परवाच येणार होता.

ठरल्या दिवशी मेंढवाड्यासमोर पिंजरा उभा राहिला. एका बाजूला व्यापारी, दुसऱ्या बाजूला आबा, दोघेही एकमेकांकडे न बघता. पुढे एक मेंढी बांधली, मागून कोकराला आत सोडलं. ते गेलंही मुकाट. आकडे थोडे धावले आणि थांबले. एकोणीस.

व्यापाऱ्याने फक्त घसा साफ केला.

"काटा खोटा आहे!" आबा म्हणाले.

वकिलाच्या हिशेबात यंत्रावर कोणी रुसणार नव्हतं. यंत्राच्या मालकाचा त्याने विचारच केला नव्हता. काटेवाला लाल झाला. "खोटा? माझा काटा? आणा असं काहीतरी ज्याचं वजन पक्कं माहीत आहे. आत्ता दाखवतो!"

"आहे की," आबा म्हणाले. "आमची सून. सत्तावन्न. लग्नात होतं तेच. ये गं पोरी."

वकील घाईघाईने मध्ये पडला. "तिला कशाला, आबा? पाण्याचा कॅन ठेवू ना."

"कॅन गळका आहे," आई म्हणाली.

बायकोने एकदा नवऱ्याकडे बघितलं. तो बुटाची नाडी बघत होता. ती पिंजऱ्यात शिरली. काटेवाल्याने सवयीने मागचं दार लावलं. खट्‌. आकडे धावले आणि थांबले. बासष्ट.

पुढे बांधलेली मेंढी जाळीतून तिच्याकडे बघत होती.

"उत्तम!" काटेवाला म्हणाला. "मोठ्या मेंढीचं बरोबर एवढंच असतं. म्हणजे मेंढ्यांनाही..." सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा तो थांबला.

आबांची नजर सुनेच्या चेहऱ्यावर गेली. तिचे कान लाल झाले होते. आबा काट्यावर चिडले होते, पण ते क्षणभर विसरले.

"बघा!" त्यांनी आवाज चढवला. "म्हटलं नव्हतं? काटा पाच किलो जास्त दाखवतो. पोरीचा काही दोष नाही."

"जास्त दाखवतो?" व्यापारी हळूच म्हणाला. "म्हणजे कोकरू चौदाचं झालं. मी बापडा एकोणीस धरत होतो. बरं झालं सांगितलंस."

आबा बोटांवर हिशेब करायला लागले. सुनेला वाचवायचं तर कोकरू चौदाचं, कोकरू वाचवायचं तर सून... त्यांनी वकिलाकडे बघितलं. वकील दुसऱ्या बुटाची नाडी बघत होता.

"काटा बरोबर आहे, आबा," पिंजऱ्यातून आवाज आला. "ते पाच किलो माझे आहेत."

"पाचच का?" आई म्हणाली. "मला वाटलं सात असतील."

बायकोला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही आलं. आबांनी स्वतः पुढे होऊन दार उघडलं. ती बाहेर आल्यावर त्यांनी उजवा हात वर न्यायचा प्रयत्न केला. खांद्यापर्यंत गेला आणि अडकला.

"खांदा धरलाय त्याला वर्ष होत आलं," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "बादली जड लागते. दार जड लागतं. पण कोकरं जड लागली ना, तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, यंदा कोकरं चांगली भरलीत."

व्यापाऱ्याने पायाने माती उकरली. "लेका, सांगायचंस की. मला वाटलं, तू म्हातारपणी लबाडी शिकलास. त्याचा राग आला होता. खांद्याचा कशाला येईल?"

"मग तू विचारायचंस."

"आता विचारतो. मागचा अर्धा चहा मिळेल का?"

काटा राहिला. आबांनीच ठेवून घेतला, पण अटीवर. आकडा वाचून मोठ्याने सांगायचं काम त्यांचं. औषधाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर त्यांनी असा काही आवाज लावला, जणू काट्याला तो आकडा त्यांनीच सुचवला होता. एकही कोकरू पडलं नाही.

मग एका सकाळी एक मेंढी व्याली. आबांनी ओलं कोकरू तळहातांवर घेतलं, डोळे मिटले, ओठ पुढे काढला. "साडेतीन."

सुनेने ते काट्यावर ठेवलं आणि आकड्यांवर हात धरला. "साडेतीनच, आबा." आबा बादली उचलायला गेले ते जरा छाती काढूनच.

वकिलाला शंका आली. हिची सत्तावन्नची सवय काही सुटलेली नाही. तो वाकला. "हात काढ बघू."

तिने हात काढला. अकरा.

"अगं, हे अकरा..."

"गुडघा काढा आधी काट्यावरचा."

त्याने गुडघा काढला. साडेतीन.

"कोकरू लहान असलं की आबांचा खांदा दुखत नाही," बायको म्हणाली. मग तिने कोकरू मेंढीजवळ ठेवलं, पिंजऱ्याचं दार सताड उघडलं आणि कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघितलं. "नुसत्या गुडघ्याचे साडेसात. बाकीचे किती असतील हो? तुम्ही सत्तर सांगता ना?"

"या प्रकरणात माझा काही संबंध येत नाही," वकील म्हणाला, आणि आबांच्या हातातली बादली घ्यायला धावला.