माझं कार्ड आणि माझा पहारा

आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनं फोनवरच्या एका गोड आवाजाला ओटीपी सांगितला आणि अख्खा पगार घालवला, त्या दिवशी मी ठरवलं की आपल्या घरातून एक आकडासुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही. (दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी दुसऱ्याचं पोळलेलं बघूनच फुंकायला लागलो.)

आधी कार्डाला पुढून-मागून काळी चिकटपट्टी लावली. मग बायकोचं कार्ड बंद करून टाकलं, कारण दोन कार्डं म्हणजे चोराला दोन दारं. डब्यातली रोकड बँकेत भरली. एटीएममध्ये पिन दाबताना तर तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. ती म्हणाली, अहो, मी तुमची बायको आहे. मी म्हटलं, चोरांनाही बायका असतात. हा मुद्दा मला जितका बिनतोड वाटला तितका तिला वाटला नाही.

परवा संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. डॉक्टरांनी डोळ्याच्या ऑपरेशनला अचानक दुसऱ्या दिवशीचीच वेळ दिली होती, आणि लेक शेजारी असल्याशिवाय त्या टेबलावर चढणार नव्हत्या. बायकोनं भराभर बॅग भरली. मी डोक्यावरून चादर घेतली आणि मोबाईलवर रात्रीच्या बसचं तिकीट काढायला बसलो. (समोरच्या बिल्डिंगमधला शिंपी सारखा खिडकीत असतो. माणसानं कपडे शिवावेत, खिडकीत काय काम?)

पैसे भरायचं बटण दाबलं आणि फोन वाजला. एक बाई अगदी मऊ आवाजात म्हणाली की मी बँकेतून बोलतेय, तुम्ही आत्ता बसचं तिकीट काढताय का. माझे कान टवकारले. मी चादरीखाली काय करतोय हे हिला कसं कळलं? मी ठणकावून सांगितलं की मी तिकीटबिकीट काढत नाहीये, मला कुठंही जायचं नाही आणि मला सासूसुद्धा नाही. तिनं आभार मानून फोन ठेवला. लगेच मेसेज आला, 'आपल्या सांगण्यावरून आपले कार्ड बंद करण्यात आले आहे.' ती खरोखरच बँकेची निघाली. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ते असं.

मी चादरीतून बाहेर आलो. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बॅगेवर बसली आणि हळूच म्हणाली, "मी गेले नाही तर आई ऑपरेशन करून घेणार नाही हो. दुसऱ्या डोळ्यानं तिला आधीच दिसत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नखानं चिकटपट्टी खरवडून कार्डामागचा नंबर लावला. स्पीकर चालू ठेवायचा, असं बायकोनं बजावलं, कारण आता तिचा माझ्यावर काडीचा विश्वास उरला नव्हता. पलीकडच्या माणसानं ओळख पटवायला मी स्वतःच निवडलेला गुप्त प्रश्न विचारला.

"तुमची सर्वांत आवडती व्यक्ती कोण?"

बायको माझ्याकडे बघत होती. "बायको," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"चुकीचं उत्तर. आता एकच संधी आहे, सर."

बायको बॅगेवरून उठली. "कोण आहे ती?"

खरं उत्तर चोर चुटकीसरशी ओळखतो, म्हणून मी त्याला सात जन्मांत सुचणार नाही असं नाव देऊन ठेवलं होतं. हे समजावत बसलो असतो तर बस गेली असती. डोळे मिटले आणि बोलून टाकलं, "सासूबाई."

"बरोबर. कार्ड सुरू केलंय."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे इतकी वर्षं आईबद्दल जे बोलत होतात ते सगळं वरवरचं होतं तर, असं म्हणत तिनं तिथल्या तिथं माहेरी फोन लावला. (मी खुलासा करायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं.) पलीकडे सासूबाईही रडल्या.

मी जायचं तिकीट काढलं. फोन ठेवून बायको म्हणाली, "आई म्हणतेय, ऑपरेशननंतर आराम करायला जावयाकडेच येते, चांगली पावसाळाभर. परतीची दोन काढा."

काढली. बटण दाबलं आणि बँकेचा फोन येईल म्हणून मोबाईल हातात धरून बसलो. बराच वेळ बसलो.

बँकेला यात काहीच संशयास्पद वाटलं नाही.