भिंतीपलीकडचा हंडा

मे महिन्यातल्या एका दुपारी आसगावच्या जागेश्वरनं जेवणानंतर झोपायचं नाही असं ठरवलं, आणि एवढ्याशा निश्चयापायी त्याच्या स्वयंपाकघराची भिंत गेली.

एरवी जागेश्वरच्या झोपेला गावात मान होता. धानाची रोवणी असो की घरातलं लग्न, दुपारी तो आडवा होणारच, हे सगळ्यांनी मान्य केलं होतं. (त्याच्या बायकोनं, ललिताबाईनं मान्य केलं नव्हतं, पण तिनं लग्न झाल्यापासून फार थोड्या गोष्टी मान्य केल्या होत्या.) त्या दुपारी मात्र शेजारून कुदळीचा आवाज येत होता, आणि त्या आवाजाकडे दुर्लक्ष करून झोपणं कोणत्याही आसगावकराला शक्य नव्हतं.

शेजारी म्हणजे साबळे. ते येऊन दोनेक महिने झाले असतील. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हाही गावानं एवढा विचार केला नव्हता, जेवढा या एका माणसाबद्दल केला. पुंडलिकराव मुलाकडे नागपूरला राहायला गेले आणि जाताना आपलं घर विकून गेले, ते थेट साताऱ्याच्या माणसाला. साबळे पूर्वी पवनीकडे धरणाच्या कामावर नोकरीला होते. इथली तळी आवडली, इथला तांदूळ आवडला, म्हणून रिटायर झाल्यावर बायकोला घेऊन इथंच राहायला आलो, असं ते सांगत. आता यावर कोण विश्वास ठेवणार? गावातली पोरं जरा शिकली की पुण्याची गाडी धरतात, आणि तिकडचा पेन्शनीतला साहेब उलटा इकडे येतो, तोही भात खायला?

"बाहेरचा माणूस येते तवा हातात टेप घेऊनच येते," असं नत्थू दूधवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. नत्थूच्या काकाचं अर्धं वावर कालव्यात गेलेलं, त्यामुळे या विषयात त्याच्या शब्दाला वजन होतं. आणि साबळेंनी आल्या आल्या खरंच टेप काढून अंगण मोजलं.

गाव त्यांच्याशी वाईट वागलं असं मात्र नाही. किराणा दुकानात गोलू त्यांना सगळ्यांच्या आधी सामान देई, म्हणजे ते लवकर जातील आणि त्यांच्याबद्दलचं अर्धवट राहिलेलं बोलणं पुढं नेता येईल. रस्त्यात भेटेल तो आपुलकीनं विचारी, "मंग, वापस कधी जाता जी?" साबळेंनी अंगणात खोदायला माणूस मागितला, तेव्हा प्रत्येकानं हंगामाची गडबड सांगितली. हंगाम अजून लांब होता आणि सांगणाऱ्यांच्या हातात पत्ते होते. शेवटी साबळेंनी स्वतःच कुदळ घेतली आणि ऊन लागू नये म्हणून वर आणि बाजूनं ताडपत्री बांधली. झालं. ताडपत्री पाहिल्यावर गावाची उरलीसुरली शंका फिटली. लपवण्यासारखं काही नसतं तर माणूस ताडपत्री कायले बांधते?

त्यातच त्यांनी नत्थूला विचारलं, काळा कोंबडा मिळेल का; पण अगदी काळा, अंगावर दुसरा रंग नको. नत्थू दुधाच्या कॅनसकट गोलूच्या दुकानाकडे निघाला. तो तिथं पोचेपर्यंत कोंबड्याला लिंबू चिकटलं होतं आणि दुकानातून निघेपर्यंत अमावास्याही. मग कोणाला तरी आठवलं की पुंडलिकरावांचा आजा मालगुजाराकडे, म्हणजे तेव्हाच्या जमीनदाराकडे, कारभारी होता. त्या घरात धन पुरलेलं आहे, साताऱ्याच्या माणसाला त्याचा पत्ता लागला आहे, आणि गावातला एकही माणूस त्याच्या हाताखाली खोदायला गेला नाही ही फार मोठी चूक झाली, एवढं प्रत्येकाच्या मनात एकदमच आलं.

तर अशी सगळी पार्श्वभूमी असताना जागेश्वर झोपेल कसा? ललिताबाई पवनीच्या बाजाराला गेली होती. त्याच्या स्वयंपाकघराची भिंत दोन्ही घरांत सामाईक होती, मातीची, जुनी; पलीकडे लगेच साबळेंचं अंगण. जागेश्वरनं स्टीलचा गिलास भिंतीला लावला आणि गिलासाला कान. (हे त्यानं टीव्हीवर पाहिलं होतं. टीव्हीवर असं ऐकणारा माणूस नेहमी हुशार असतो.)

पलीकडून साबळेबाईंचा आवाज आला.

"हंडा कुठाय ओ?"

"सापडला. खड्ड्याच्या कडेलाच होता."

"एकटे उचलू नका हं. जड आहे तो."

"थांब मग. आधी त्याच्यावर काहीतरी झाक."

जागेश्वरच्या हातून गिलास पडला. इथं एक गोष्ट सांगायला हवी. साताऱ्याकडे हंडा पाण्याचा असतो. आसगावात पाण्याच्या भांड्याला गुंड म्हणतात. हंडा फक्त पुरलेला असतो.

पुढचा विचार त्यानं उभ्या उभ्याच केला. भिंत दोघांची. म्हणजे भिंतीखालची जमीनही दोघांची. म्हणजे भिंतीखाली जे असेल त्यात आपला अर्धा वाटा, आणि एक हंडा निघाला त्या अर्थी दुसरा असणारच, कारण मालगुजाराचा कारभारी काही एका हंड्यावर थांबणारा माणूस नव्हे. घरामागून त्यानं लोखंडी सब्बल आणली आणि बियाण्याच्या धानाची बांबूची ढोली जिथं ठेवली होती, तिच्या बाजूलाच भिंतीच्या बुडाशी घाव घातला.

जागेश्वर त्या दुपारी जसा राबला तसा रोवणीच्या दिवसांतही कधी राबला नव्हता. वरची माती कोरडी, टणक होती. हातभर खाली गेल्यावर ती ओली लागायला लागली. धनावरची माती गार असते, असं त्यानं लहानपणी ऐकलं होतं, त्यामुळे त्याला हुरूप आला. माती ओली व्हायला पाणीही कारण असू शकतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. साबळे खोदत होते तो न्हाणीच्या पाण्याचा शोषखड्डा होता, आणि पाणी नीट जिरतं का ते पाहायला त्यांनी नुकताच तो काठापर्यंत भरला होता.

भिंतीनं आधी थोडी माती झटकली. मग ती थकलेल्या म्हातारीसारखी हळूच खाली बसली. तिला दोष देता येत नाही. एका बाजूनं एक माणूस पोखरत होता, दुसऱ्या बाजूनं दुसरा.

धूळ खाली बसली तेव्हा जागेश्वर चुलीपाशी उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत मातीच्या रंगाचा, हातात सब्बल. पलीकडे साबळे होते, हातात रिकामी बादली. त्यांच्या मागं त्यांची बायको शालनबाई, कमरेवर तांब्याचा हंडा. मधे भिंत नव्हती.

"लागलं का कुठं?" साबळेंनी विचारलं.

"नाई जी," जागेश्वर म्हणाला. "भिंत पाहून राहिलो होतो."

साबळेंनी सब्बलीकडे पाहिलं. जागेश्वरची नजर हंड्यावर होती. एवढं सगळं झाल्यावर निदान पाहायला तरी मिळावं, म्हणून तो दगडमातीवरून पलीकडे गेला आणि वाकून आत बघितलं. पाणी होतं. तेही कोमट.

शालनबाई दोन पावलं मागं सरकल्या आणि नवऱ्याला हळूच म्हणाल्या की हा त्यांच्यातलाच असेल. कोणांच्यातला, ते जागेश्वरला मग कळलं. साबळे आले त्या दिवशी त्यांच्या नळाला पाणी नव्हतं. ललिताबाई शेजारधर्म म्हणून त्यांच्या दारात गेली होती आणि म्हणाली होती, "दोन गुंड पाठवू काय जी तुमच्याकडे?" शालनबाईंनी दाराला कडी घातली ती पुढचे कित्येक दिवस काढली नाही. त्यांच्याकडे गुंड पाण्याचे नसतात. दुपारी कोणी मायेनं चौकशीला आलं, तरी त्या खिडकीतून आधी माणसं मोजत. गाव म्हणे, साताऱ्याची बाई गर्वाची आहे. बाई म्हणे, गाव पाळतीवर आहे. (दोघांपैकी बाईचं बरोबर होतं.)

हे सगळं उलगडायला वेळ लागला असता, पण तेवढ्यात जागेश्वरला पायाखाली पाणी जाणवलं. शोषखड्डा फुटून पाणी त्याच्या स्वयंपाकघरात आलं होतं आणि ढोलीच्या बुडाखाली शिरत होतं. ढोलीत पुढच्या हंगामाचं बियाणं होतं, ललिताबाईनं निवडून, पाखडून ठेवलेलं. ते ओलं राहून कुबट झालं तर वावरात पेरायला काय न्यायचं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संध्याकाळी घरात तोंड कसं दाखवायचं?

तो नुसता ढोलीकडे पाहत राहिला. साबळेंनी धोतर खोचावं तशी पँट वर दुमडली, घरातून रिकामी पोती आणली आणि धान भरायला सुरुवात केली. त्यांच्या घरावर सिमेंटचा स्लॅब होता, उन्हानं तव्यासारखा तापलेला. पोती तिकडे न्यायची आणि धान पसरायचं, असं त्यांनीच ठरवलं. शालनबाईही हंडा खाली ठेवून आल्या.

ललिताबाई बाजारातून परतली तेव्हा तिला आपल्या चुलीपासून शेजाऱ्यांची वाळत घातलेली लुगडी दिसली. तिनं आधी धानाचं विचारलं, मग भिंतीचं. जागेश्वरनं उंदराचं बीळ असल्याचं सांगितलं. तिनं वाकून बीळ पाहिलं.

"उंदीर केवढा होता?" एवढंच ती म्हणाली आणि पदर खोचून पोतं उचलायला गेली.

उन्हं उतरेपर्यंत चौघांनी सगळं धान स्लॅबवर पसरलं. वरच शालनबाईंनी चहा आणला, वरच गुंड आणि हंड्याचा उलगडा झाला, आणि ललिताबाई इतकी हसली की तिला धानातच बसावं लागलं. काळ्या कोंबड्याचंही कळलं. साबळेंना डॉक्टरांनी साधं मटण बंद करून कडकनाथ खायला सांगितलं होतं. बियाणं वाचलं. भिंत नसल्यामुळे पुढचे काही दिवस दोन्ही घरांची भाजी कोणत्या चुलीवर शिजते आहे याचाही कोणाला पत्ता लागेना. जागेश्वरला वाटलं, प्रकरण स्वस्तात मिटलं.

पण गावानं काय पाहिलं होतं? गावानं एवढंच पाहिलं होतं की दुपारी साबळेंच्या घराकडून धूळ उठली, आणि मग जागेश्वर आणि साबळे भरलेली पोती जिन्यानं वर नेत होते. पोती जड होती. वर नेल्यावर चौघं हसत होते.

दुसऱ्या दिवशी जागेश्वर गोलूच्या दुकानात गेला तेव्हा बोलणं बंद झालं. गोलूनं त्याला सगळ्यांच्या आधी सामान दिलं. नत्थूनं मायेनं विचारलं, "मंग, आता नागपूरले घर पायता का?" जागेश्वरनं भिंतीचं, पाण्याचं, बियाण्याचं सगळं खरं सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकमेकांकडे पाहिलं. जागेश्वर इतकं खरं यापूर्वी कधी बोलला नव्हता, त्यामुळे ते खोटं असणार याबद्दल कोणाला शंका उरली नाही. ज्या गावात त्याचा जन्म गेला, त्या गावात आता त्याला रस्त्यात थांबवून लोक विचारत, कसं काय, करमते ना आमच्या गावात?

मग एके दिवशी लाखांदूरहून एसटीनं श्रावण आला. श्रावण म्हणजे ललिताबाईचा धाकटा भाऊ, जो राखीलाही बोलवल्याशिवाय येत नसे. येताना त्यानं जिलेबी आणली, स्वतःची कुदळही आणली. भाऊजी, भिंत मी बांधून देतो, तुम्ही फक्त बसा, असं तो म्हणाला. जागेश्वरला गहिवरून आलं. गावानं टाकलं तरी नातं टाकत नाही, असं काहीसं त्याच्या मनात आलं.

श्रावण म्हणाला, पाया तेवढा खोल घेऊ. दुपारपर्यंत तो कमरेइतका खाली गेला होता, संध्याकाळपर्यंत त्याचं नुसतं डोकं दिसत होतं, आणि अजून एकही दगड बसला नव्हता. जागेश्वरनं बायकोला बाजूला घेऊन विचारलं की एवढा खोल पाया कायले.

"मीच बोलावलं त्याले," ललिताबाई म्हणाली.

जागेश्वरनं तिला आठवण करून दिली की हंडा पाण्याचा होता, आणि भिंत पडल्यापासून तिनं तो कितीदा स्वतःच्या हातानं भरून आणला होता.

"तो नाई. दुसरा," ती म्हणाली. "सारं गाव म्हणून राहिलं. सारं गाव खोटं बोलते काय? तुमी हातभर खोदलं आन् सोडून देलं. तुमचं कोणतं काम आजपावतर पुरं झालं?"

एवढं बोलून ती भावासाठी दुधाचा चहा घेऊन खड्ड्याकडे गेली. श्रावणनं खालून मातीचं भरलेलं घमेलं वर सरकवलं, आणि जागेश्वरनं ते मुकाट्यानं उचललं. त्याचा चहा चुलीवर होता, कोरा.